इंग्रजीतील दिलासा, विश्रांती आणि मंद गतीचे शब्द : वाशिम जिल्ह्यातील अध्यापनाच्या संदर्भात एक विवेचन

सारांश

इंग्रजीत दिलासा, विश्रांती आणि मंद गती व्यक्त करणारे शब्द मोठ्या संख्येने आहेत. मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी त्यांपैकी बहुतेकांसाठी ‘आराम’ हा एकच पर्याय वापरतो व त्यामुळे अर्थाची गल्लत होते. या शब्दांच्या मुळाशी ओझे उतरणे, ताण सैल होणे, दाह निवणे अशा मोजक्या शारीरिक प्रतिमा आहेत. त्याच प्रतिमा मराठीत आणि वऱ्हाडी बोलीतही नांदतात. त्या आधारे ही शब्दसंपदा कशी शिकविता येईल, आणि हा भेद कळणे वाशिमसारख्या जिल्ह्यात का महत्त्वाचे आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

बीजशब्द : शब्दसंपदा, व्युत्पत्ती, वऱ्हाडी बोली, इंग्रजी अध्यापन, अर्थभेद

१. प्रस्तावना

वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झाला. वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा आणि मानोरा या सहा तालुक्यांतील महाविद्यालयांत येणारा बहुसंख्य विद्यार्थी घरी वऱ्हाडी बोलतो. मानोरा तालुक्यातील पोहरादेवीच्या परिसरात अनेकांची घरची भाषा गोरमाटी आहे. शाळेत प्रमाण मराठी शिकून झालेली असते, हिंदी कानावरून गेलेली असते आणि इंग्रजी ही या विद्यार्थ्याची तिसरी किंवा चौथी भाषा ठरते. अशा विद्यार्थ्याला नवा इंग्रजी शब्द बहुधा ‘गाईड’मधील दोन रकान्यांतून भेटतो. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे त्याचा एक मराठी अर्थ.

या पद्धतीचा सर्वाधिक फटका ज्या शब्दांना बसतो, त्यांत प्रस्तुत विषयाचे शब्द येतात. गोळीने वेदना थांबली तर ‘रिलीफ’, डॉक्टरांनी पडून राहायला सांगितले तर ‘रेस्ट’, मुलाखतीपूर्वी मित्राने पाठीवर हात ठेवला तर ‘रिलॅक्स’, रडणारे मूल थोपटून शांत केले तर ‘सूध’, मुसळधार पावसाने तासभर उघडीप दिली तर ‘रेस्पाइट’ आणि उमेदवार संकोच न करता बोलला तर ‘अ‍ॅट ईज’. या सहाही ठिकाणी विद्यार्थी ‘आराम’ किंवा ‘शांत’ एवढेच लिहून मोकळा होतो.

उलट दिशेने अडचण आणखी वाढते. ‘आजीला आता आराम आहे’ या वाक्याचा अर्थ आजीची प्रकृती सुधारली आहे असा आहे. विद्यार्थी त्याचे ‘ग्रँडमदर इज टेकिंग रेस्ट’ असे भाषांतर करतो. ऐकणाऱ्याला आजी अंथरुणावर पडून आहे असे वाटते. व्याकरणाची चूक येथे एकही नाही, पण बातमी मात्र बदलली आहे.

२. ओझे उतरणे : ‘रिलीफ’ आणि ‘अलिव्हिएट’

‘रिलीफ’ व ‘अलिव्हिएट’ या दोन्ही शब्दांच्या मुळाशी लॅटिनमधील ‘लेव्हिस’ हे विशेषण आहे. त्याचा अर्थ वजनाने हलका. त्यावरून आलेल्या क्रियापदाचे अर्थ ‘हलके करणे’ आणि ‘वर उचलणे’ असे दोन आहेत. डोक्यावर चाऱ्याचा भारा घेऊन आलेल्या बाईचा भारा दुसरीने हात लावून उतरविला, की पहिलीला जे वाटते ते रिलीफ. भारा नाहीसा झालेला नाही. तो तिच्या डोक्यावरून उतरला आहे.

भाषाशास्त्राच्या दृष्टीने लॅटिन ‘लेव्हिस’, इंग्रजी ‘लाइट’ आणि संस्कृत ‘लघु’ हे एकाच मूळ धातूपासून निघालेले शब्द आहेत. ‘लघु’पासून प्राकृतात वर्णविपर्यास होऊन मराठीतील ‘हलका’ आणि ‘हळू’ हे शब्द आले. म्हणजे ‘मन हलके झाले’ असे म्हणणारा मराठी माणूस आणि ‘आय अ‍ॅम रिलीव्ह्ड’ असे म्हणणारा इंग्रज एकाच जुन्या शब्दाच्या दोन शाखांचा आधार घेतात. विद्यार्थ्याला ‘रिलीफ’चा अर्थ ‘आराम’ असा सांगण्याऐवजी ‘हलके होणे’ असा सांगितला, तर तो अधिक नेमका तर ठरतोच, शिवाय या शब्दाचे इतर उपयोगही त्यातून उलगडतात.

असे उपयोग महाविद्यालयाच्या आवारातच भरपूर आहेत. बदली झालेल्या कर्मचाऱ्याला ‘रिलिव्हिंग ऑर्डर’ मिळते. मराठीत त्याला कार्यमुक्तीचा आदेश म्हणतात. परीक्षेच्या काळात पर्यवेक्षकाला थोडा वेळ बाहेर जाता यावे म्हणून ‘रिलिव्हर’ नेमला जातो. जबाबदारीचे ओझे एकाच्या खांद्यावरून दुसऱ्याच्या खांद्यावर जाते. भूगोल विभागातील ‘रिलीफ मॅप’ आणि कला विभागातील ‘रिलीफ’ शिल्प यांत मात्र मूळ क्रियापदाचा दुसरा अर्थ, वर उचलणे, टिकून राहिला आहे. म्हणून मराठीत तेथे ‘उठाव’ हा शब्द येतो.

वाक्यरचनेची एक सूचनाही येथे आवश्यक आहे. ‘रिलीव्ह’ या क्रियापदाने माणूस हे कर्म घेतले की उतरलेल्या ओझ्यापूर्वी ‘ऑफ’ येते : ‘ही वॉज रिलीव्ह्ड ऑफ हिज ड्यूटीज’. मराठीतील ‘कामातून मुक्त’ या रचनेतील ‘-तून’ प्रत्ययामुळे विद्यार्थी येथे ‘फ्रॉम’ वापरतो.

‘अलिव्हिएट’चा अर्थही हलके करणे हाच, मात्र त्याचे कर्म माणूस नसून त्रास, दुःख किंवा दारिद्र्य असते. ‘पॉव्हर्टी अलिव्हिएशन’ या संज्ञेचे भाषांतर अनेकदा ‘दारिद्र्य निर्मूलन’ असे केले जाते. निर्मूलन म्हणजे मुळासकट उपटणे. अलिव्हिएशनमध्ये दारिद्र्याचा भार कमी होण्याची अपेक्षा असते. ते समूळ नष्ट होण्याची हमी नसते. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने एखाद्या योजनेचे मूल्यमापन करताना कोणता निकष लावावा, हे या एका शब्दाच्या अर्थावर अवलंबून राहते.

३. ताण सैल होणे : ‘रिलॅक्स’ आणि त्याचे सोबती

‘रिलॅक्स’ हा शब्द लॅटिनमधील ‘लॅक्सस’ म्हणजे सैल, ढिला या विशेषणापासून आला. ‘रिलीज’ हाही फ्रेंचमार्गे त्याच क्रियापदातून निघालेला आहे. याच्या विरुद्ध बाजूचा शब्द ‘टेन्शन’. तो ओढणे, ताणणे या अर्थाच्या लॅटिन धातूपासून आला असून आपला ‘ताण’ हा शब्द त्याचा नातेवाईक आहे. त्यामुळे ‘टेन्शन’ आणि ‘रिलॅक्स’ ही जोडी ताणलेली दोरी आणि सैल सोडलेली दोरी अशी समजावून देता येते. रिलीफमध्ये ओझे बाहेरून उतरविले जाते. रिलॅक्सेशनमध्ये स्वतःच धरून ठेवलेली पकड सोडायची असते. परीक्षेचा निकाल लागून उत्तीर्ण झाल्याचे कळते तेव्हा रिलीफ मिळतो. परीक्षेच्या आदल्या रात्री मात्र फार तर रिलॅक्स होता येते, कारण ओझे अजून डोक्यावरच आहे.

हाच विचार भारतीय परंपरेलाही परिचित आहे. पतंजलींच्या योगसूत्रांत आसनाच्या संदर्भात प्रयत्नाच्या शैथिल्याचा उल्लेख येतो. ‘शिथिल’ या संस्कृत शब्दाशी मराठीतील ‘ढिला’ आणि ‘सढळ’ ही रूपे जोडली जातात. पाश्चात्त्य वैद्यकात एडमंड जेकबसन यांनी १९२९ मध्ये ‘प्रोग्रेसिव्ह रिलॅक्सेशन’ हा ग्रंथ प्रसिद्ध करून एकेक स्नायूसमूह जाणीवपूर्वक सैल करण्याची पद्धत मांडली. शारीरिक शिक्षणाच्या वर्गात शवासनातील सूचना देणारा प्राध्यापक आणि इंग्रजीच्या वर्गात ‘रिलॅक्स’ शिकविणारा प्राध्यापक हे एकाच क्रियेविषयी बोलत असतात.

प्रशासकीय मराठीत हीच प्रतिमा ‘अटी शिथिल करणे’ या प्रयोगात दिसते. राखीव प्रवर्गातील उमेदवारांसाठी वयोमर्यादेत ‘रिलॅक्सेशन’ असते. २०२० मधील टाळेबंदीनंतर ‘निर्बंध शिथिल’ झाले. नियम रद्द झाला नाही, त्याचा फास सैल झाला. नोकरीची जाहिरात वाचणाऱ्या विद्यार्थ्याला ‘रिलॅक्सेशन’ आणि ‘एक्झेम्प्शन’ म्हणजे सूट व पूर्ण मुभा यांतील अंतर कळणे ही निव्वळ भाषिक बाब नाही.

बोलण्यात रुळलेल्या शब्दामुळे होणारी एक चूकही नोंदवावी लागेल. ‘मी एकदम रिलॅक्स आहे’ या मराठी वाक्यात ‘रिलॅक्स’ हे विशेषण झाले आहे. इंग्रजीत ते क्रियापद आहे. त्यामुळे विद्यार्थी ‘आय अ‍ॅम रिलॅक्स’ असे लिहितो. अनुभव घेणारा ‘रिलॅक्स्ड’ आणि अनुभव देणारी गोष्ट ‘रिलॅक्सिंग’, हा भेद ‘थकलेला’ व ‘थकविणारा’ या मराठी जोडीच्या आधारे पटकन लक्षात येतो.

४. निवणे आणि मऊ होणे

पुढील गट उष्णता, वारा आणि स्पर्श यांच्याशी निगडित आहे. ‘काम’ असा उच्चार असलेला, शांततेचा वाचक इंग्रजी शब्द ग्रीकमधील ‘काउमा’ म्हणजे दाह, उष्मा या शब्दापर्यंत नेला जातो. भर दुपारच्या उन्हात सर्व व्यवहार थांबतात, त्या वेळच्या स्तब्धतेवरून हा अर्थ आला असे मानले जाते. मे महिन्यातील वाशिमच्या दुपारी रस्ता ओस पडलेला पाहिलेल्या विद्यार्थ्याला ही अर्थयात्रा दूरची वाटणार नाही. त्याचा उच्चार मराठीतील ‘काम’सारखा होत असल्याने ‘कीप काम’ ही सूचना कामाची आज्ञा वाटण्याचा धोका मात्र शिक्षकाने लक्षात ठेवावा.

मराठी ‘निवांत’ची कथाही अशीच आहे. तो संस्कृत ‘निवात’पासून आला. निवात म्हणजे वारा नसलेली, आडोशाची जागा. फ्रान्सिस ब्यूफोर्ट यांनी १८०५ मध्ये तयार केलेल्या वाऱ्याच्या मापनश्रेणीत शून्य क्रमांकाच्या स्थितीला इंग्रजीत हाच ‘काम’ शब्द दिला जातो. वारा पडलेला असणे ही दोन्ही भाषांतील शांततेची खूण आहे.

तापमानाच्या बाबतीत मात्र दोन भाषा वेगळ्या वाटेने जातात. मराठी माणसाचा जीव गार होतो, डोळे निवतात, काळजाला थंडावा मिळतो. उन्हाच्या प्रदेशात सुख हे थंड असते. इंग्लंडसारख्या थंड देशात सुख उबेशी जोडले गेले. म्हणूनच ‘कोल्ड कम्फर्ट’ या वाक्प्रचाराचा अर्थ ‘नावापुरते, निरुपयोगी सांत्वन’ असा होतो. वाशिमचा विद्यार्थी उताऱ्यात ही शब्दजोडी वाचून ‘मन थंडावणारा दिलासा’ असा अर्थ घेतो. त्याच्या भाषेच्या तर्कानुसार तो बरोबर आहे, पण उत्तर चुकते. येथे चूक दाखविण्याआधी तिचे कारण दाखविले, तर शब्द कायमचा लक्षात राहतो. अर्थात हा नियम सरसकट नाही. राग दोन्ही भाषांत तापतो आणि दोन्ही भाषांत थंड होतो.

‘मिटिगेट’ हा शब्द मऊ या अर्थाच्या लॅटिन ‘मिटिस’पासून आला. आपत्तीची धार बोथट करणे हा त्याचा आजचा अर्थ. पर्यावरणशास्त्रातील ‘क्लायमेट चेंज मिटिगेशन’ म्हणजे हवामानबदलाची कारणे घटवून त्याची तीव्रता कमी करणे. ‘असवेज’च्या मुळाशी गोड या अर्थाचा लॅटिन शब्द आहे, तो भूक, अपराधीपणा, शोक यांच्यासोबत येतो. ‘कम्फर्ट’मध्ये बळकट या अर्थाचा ‘फोर्टिस’ दडलेला आहे. त्यामुळे दुःखात असलेल्याला कम्फर्ट देणे याचे सर्वांत जवळचे मराठी रूप ‘धीर देणे’ हे होय.

‘सूध’चा इतिहास सर्वांत मनोरंजक आहे. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ ‘खरे करून दाखविणे’ असा होता. त्याच्या मुळाशी असलेला ‘सूथ’ हा सत्यवाचक शब्द आपल्या ‘सत्’शी नाते सांगतो. पुढे समोरच्याच्या म्हणण्याला ‘खरे आहे’ म्हणून दुजोरा देणे, मग त्याची मर्जी राखणे आणि शेवटी त्याला शांत करणे असा अर्थाचा प्रवास झाला. रडणाऱ्या मुलाला ‘हो रे हो, लागलं ना?’ असे म्हणत जवळ घेणारी आई नेमके हेच करीत असते.

५. विसावा, मुक्काम आणि सवड

थांबण्याच्या प्रकारांसाठी वाशिम जिल्ह्यात एक उत्तम उदाहरण उपलब्ध आहे. शेगावहून पंढरपूरला जाणारी संत गजानन महाराजांची पालखी मालेगाव, शिरपूर जैन, रिसोड या मार्गाने या जिल्ह्यातून जाते. वाटेत तिचा विसावा असतो आणि रात्री मुक्काम असतो. विसावा म्हणजे चाल चालू ठेवण्यासाठी घेतलेली थोडी उसंत. मुक्काम म्हणजे त्या दिवसाची चाल संपणे. ‘रेस्पाइट’ हा शब्द विसाव्याच्या बाजूचा आहे. तो ‘मागे वळून पाहणे, विचार करणे’ या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून फ्रेंचमार्गे आला आणि मुदतवाढ या अर्थाने रूढ झाला. त्रास पुन्हा सुरू होणार आहे हे रेस्पाइटमध्ये गृहीत असते. रिलीफमध्ये तसे गृहीत नसते.

‘विसावा’ हे ‘विश्राम’चे प्राकृतातून आलेले रूप. वऱ्हाडीत शब्दारंभीच्या ‘वि’मधील ‘व’ लोपतो; विचार ‘इचार’ होतो, तसा विसावा ‘इसावा’ होतो. ‘ळ’चा ‘य’ होऊन मोकळे वाटणे हे ‘मोकयं वाटणं’ बनते. ही रूपे वर्गात अशुद्ध म्हणून बाजूला सारली जातात. वास्तविक ‘घडीभर इसावा’ हा ‘रेस्पाइट’साठी कोणत्याही ‘गाईड’मधील अर्थापेक्षा अचूक पर्याय आहे.

‘रेस्ट’ म्हणजे श्रम थांबविणे आणि ‘रिलॅक्स’ म्हणजे ताण सोडणे. शेतावरून आलेला माणूस खाटेवर पडतो तेव्हा त्याला रेस्ट मिळते. पण कर्जाची चिंता डोक्यात असेल तर तो रिलॅक्स झालेला नसतो. ‘लेझर’ हा शब्द ‘परवानगी असणे’ या अर्थाच्या लॅटिन क्रियापदातून आला. ‘लायसन्स’ त्याच घराण्यातला. सवड ही मिळालेली मोकळीक असते, हे त्यात सूचित आहे.

‘ईज’ म्हणजे सहजता, अवघडलेपणाचा अभाव. त्याला नकारात्मक उपसर्ग लागून ‘डिसीज’ झाला. मराठीतील ‘स्वस्थ–अस्वस्थ’ ही जोडी त्याला समांतर आहे. तथापि येथे हिंदीचा घोटाळा संभवतो, कारण हिंदीत ‘स्वस्थ’ म्हणजे निरोगी, तर मराठीत ‘स्वस्थ बस’ म्हणजे हालचाल न करता बस. ‘अ‍ॅट ईज’साठी राष्ट्रीय छात्र सेनेच्या कवायतीचे उदाहरण घेता येते. ‘स्टँड अ‍ॅट ईज’साठी ‘विश्राम’ आणि ‘स्टँड ईझी’साठी ‘आराम से’ या हिंदी आज्ञा आहेत. विश्राममध्ये छात्र एका ठरलेल्या स्थितीत निश्चल उभा असतो. ‘आराम से’मध्ये त्याला पाय न हलविता अंग सैल सोडण्याची मुभा मिळते. शब्दकोशात शेजारी असणारे शब्द मैदानावर दोन वेगळ्या आज्ञा ठरतात.

६. मंद गतीचे शब्द

हलके होणे आणि हळू चालणे या दोन कल्पना मराठीत ‘लघु’मुळे बहिणी-बहिणी आहेत, हे वर आलेच आहे. म्हणून दिलाशाच्या शब्दांसोबत मंद गतीच्या शब्दांचा विचार करणे उचित ठरते. इंग्रजीतही ‘लाइट’ म्हणजे हलके आणि ‘लाइटली’ म्हणजे अलगद. ब्यूफोर्ट यांच्या श्रेणीत पहिल्या व दुसऱ्या क्रमांकाच्या वाऱ्याला ‘लाइट’ हे विशेषण आहे, तर ताशी सुमारे १२ ते १९ किलोमीटर वेगाच्या तिसऱ्या क्रमांकाच्या वाऱ्याला ‘जेंटल ब्रीझ’ म्हणतात. झाडाची पाने व बारीक डहाळ्या त्याने सतत हलत राहतात. मराठीत ही झुळूक.

‘जेंटल’ हा शब्द मुळात कुळाचा वाचक होता. लॅटिनमध्ये एका कुळातील, मग फ्रेंचमध्ये कुलीन, आणि कुलीनाकडून अपेक्षित असलेली सौम्यता असा त्याचा अर्थविस्तार झाला. डॉक्टरांच्या सूचनापत्रातील ‘जेंटल एक्सरसाइज’चे मराठी रूप मात्र ‘हलका व्यायाम’ हेच आहे. येथे कुळाच्या प्रतिमेची जागा पुन्हा वजनाच्या प्रतिमेने घेतली.

गतिवाचक क्रियापदांत दोन भाषांची बांधणीच वेगळी आहे. लिओनार्ड टॅल्मी या भाषाशास्त्रज्ञाने गती व्यक्त करण्याच्या पद्धतींवरून भाषांचे वर्गीकरण केले. इंग्रजी ही चालण्याची रीत क्रियापदातच सामावून घेते. मराठी सर्वसाधारणपणे क्रियापद साधे ठेवून रीत क्रियाविशेषणाने सांगते. ‘स्ट्रोल’ म्हणजे मौजेखातर फिरणे, ‘सॉन्टर’ म्हणजे कशाचीच फिकीर नसल्यासारखे रमतगमत जाणे, ‘अ‍ॅम्बल’ म्हणजे सावकाश, एका लयीत चालणे. ‘अ‍ॅम्बल’ हा मुळात घोड्याच्या एका चालीचा शब्द होता. त्या चालीत एका बाजूचे दोन्ही पाय एकदम पुढे पडतात. मराठीत आपण हळूहळू, डुलत डुलत, रमतगमत असे शब्द ‘जाणे’ किंवा ‘चालणे’ यांना जोडतो. म्हणून मराठी विद्यार्थ्याच्या निबंधात ‘वॉक स्लोली’ पुन्हा पुन्हा येते. ते चूक नसते, पण रंगहीन असते.

‘ग्लाइड’, ‘ड्रिफ्ट’ व ‘फ्लोट’ या तिघांचा अर्थ ‘तरंगणे’ असा एकच दिला जातो. घार पंख न हलविता हवेत सरकते तेव्हा ती ग्लाइड करते. दिशा तिच्या ताब्यात असते. पैनगंगेच्या पाण्यात पडलेली फांदी प्रवाह नेईल तिकडे जाते, ते ड्रिफ्ट. हा शब्द ‘ड्राइव्ह’ म्हणजे हाकणे या शब्दाच्या कुळातला आहे. पाण्यावर नुसते न बुडता राहणे म्हणजे फ्लोट. उद्दिष्टाविना शिकणाऱ्या तरुणाविषयी ‘ही इज ड्रिफ्टिंग’ असे म्हणतात, ‘ग्लायडिंग’ असे म्हणत नाहीत; हे घार आणि फांदीच्या उदाहरणावरून वेगळे सांगावे लागत नाही.

उणीव एकाच बाजूला आहे असे मात्र समजू नये. धक्का न लावता, जपून, हलक्या हाताने करणे हे सर्व ‘अलगद’ या एका शब्दात येते. त्याला इंग्रजीत एकशब्दी जोड सापडणे कठीण. शिवाय सुकुमारतेशी या भूमीचे नाते जुने आहे. वाशिमचे प्राचीन नाव वत्सगुल्म. राजशेखराच्या ‘कर्पूरमंजरी’त उल्लेखिलेली ‘वच्छोमी’ ही रीती या नगराच्या नावावरून ओळखली गेली, आणि ती वैदर्भीच होय असे मानले जाते. माधुर्य व सुकुमारता हे गुण दंडीने वैदर्भ मार्गाच्या प्राणांत गणले आहेत. ‘रीती’ हा शब्दही जाणे, वाहणे या अर्थाच्या धातूपासून आलेला आहे.

७. शब्दभेद आणि व्यवहार

हा भेद परीक्षेतील एका गुणापुरता असता, तर त्याचा एवढा विस्तार आवश्यक नव्हता. तो व्यवहारात कसा उतरतो हे तीन उदाहरणांवरून स्पष्ट होईल.

पहिले उदाहरण औषधाचे. वेष्टनावर ‘फॉर द रिलीफ ऑफ पेन’ असे लिहिलेले असते. मराठीत ‘बरे वाटणे’ आणि ‘बरे होणे’ असे दोन स्वतंत्र प्रयोग आहेत. रिलीफ म्हणजे बरे वाटणे आणि ‘क्युअर’ म्हणजे बरे होणे. ‘आराम पडला’ या प्रयोगात दोन्ही मिसळून जातात. वेदना थांबली म्हणून आजार संपला असे समजून उपचार अर्धवट सोडणाऱ्याला हा शब्दभेद घरातील शिकलेल्या मुलाने सांगायचा असतो.

दुसरे उदाहरण दुष्काळाचे. १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर ब्रिटिश हिंदुस्थानात दुष्काळ संहिता तयार झाल्या आणि त्यांत ‘रिलीफ वर्क्स’ ही संज्ञा आली. १८९९–१९०० च्या भीषण दुष्काळात वऱ्हाडातही अशी कामे निघाली. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रभर लाखो लोकांनी खडी फोडली, रस्ते व पाझर तलाव बांधले. इंग्रजी कागदावर हे ‘रिलीफ’ होते. लोकांनी त्याला ‘आराम’ म्हटले नाही, ‘दिलासा’ही म्हटले नाही, ते ‘दुष्काळी काम’ म्हणाले. सरकारी संज्ञेत देणाऱ्याची बाजू होती, तर लोकांच्या शब्दात हाताला बसलेल्या घट्ट्यांची.

तिसरे उदाहरण अलीकडचे. १ जुलै २००६ रोजी पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी वाशिमसह विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे विशेष पॅकेज जाहीर केले. त्यानंतर २९ फेब्रुवारी २००८ च्या अर्थसंकल्पात देशव्यापी योजना आली. तिच्या इंग्रजी नावात ‘वेव्हर’ आणि ‘रिलीफ’ असे दोन शब्द शेजारी होते, आणि ते पुनरुक्ती म्हणून आलेले नव्हते. दोन हेक्टरपर्यंत जमीन असलेल्या अल्प व अत्यल्प भूधारकांना पात्र थकीत रकमेची वेव्हर म्हणजे पूर्ण माफी होती. त्याहून अधिक जमीन असणाऱ्यांना रिलीफ होता. उरलेली रक्कम भरल्यास २५ टक्के सवलत आणि काही निर्दिष्ट जिल्ह्यांत २५ टक्के किंवा २०,००० रुपये यांपैकी अधिक असेल ती सवलत, असे त्याचे स्वरूप होते. बोलीत या सगळ्याला एकच नाव मिळाले : कर्जमाफी. कोरडवाहू विदर्भात पाच एकरांहून अधिक जमीन असूनही उत्पन्न तुटपुंजे असणारी कुटुंबे पुष्कळ. दोन हेक्टरांची ही अट त्यांच्यावर अन्याय करणारी आहे, अशी टीका त्या वेळी झालीच. ‘माफी झाली’ असे ऐकून गेलेल्या अशा शेतकऱ्याच्या वाट्याला प्रत्यक्षात आधी उरलेली रक्कम भरण्याची अट येत होती. एका शब्दाने ओझे काढून घेतले होते; दुसऱ्याने ते काहीसे हलके केले होते, तेही अटीवर.

८. अध्यापनासाठी काही सूचना

वरील विवेचनातून वर्गासाठी पुढील दिशा सुचविता येतात. एक, हे शब्द वर्णानुक्रमे न देता प्रतिमेनुसार गटांत द्यावेत : ओझे, ताण, उष्मा, मऊपणा, थांबा आणि गती. दोन, प्रत्येक शब्दासोबत त्याचे नेहमीचे कर्म शिकवावे. वेदना रिलीव्ह होते, दुःख अलिव्हिएट होते, आपत्तीची तीव्रता मिटिगेट होते, मूल सूध होते. तीन, विद्यार्थ्यांकडून घरातील व गावातील शब्द मागवावेत. इसावा, मोकयं, उतार पडणे, हायसे वाटणे, जीव भांड्यात पडणे यांपैकी कोणता शब्द कोणत्या इंग्रजी शब्दाजवळ जातो यावर चर्चा घडवावी. गोरमाटी बोलणाऱ्या विद्यार्थ्यांचे शब्दही त्याच फळ्यावर यावेत. चार, मराठीतून इंग्रजीत भाषांतर करताना ‘आराम’ असलेली पाच-सहा वाक्ये द्यावीत आणि प्रत्येकासाठी वेगळा इंग्रजी शब्द निवडायला लावावे. पाच, औषधाचे वेष्टन, नोकरीची जाहिरात, शासकीय योजनेचे इंग्रजी शीर्षक यांसारखे खरे मजकूर पाठ्यसामग्री म्हणून वापरावेत. यासाठी वेगळ्या निधीची किंवा उपकरणांची गरज नाही. मराठी, भूगोल, अर्थशास्त्र व शारीरिक शिक्षण या विभागांतील सहकाऱ्यांचे साहाय्य मात्र मोलाचे ठरेल.

९. निष्कर्ष

दिलासा, विश्रांती आणि मंद गती यांचे इंग्रजी शब्द समानार्थी वाटतात, परंतु प्रत्येकाची प्रतिमा आणि मर्यादा वेगळी आहे. या प्रतिमांपैकी बहुतेक वाशिमच्या विद्यार्थ्याच्या भाषेत आणि अनुभवात आधीपासून आहेत. तापमानासारख्या ज्या ठिकाणी दोन भाषा दूर जातात, तेथेच विशेष स्पष्टीकरण लागते. शब्दाला एकच मराठी अर्थ देण्याची सवय सोडून प्रतिमा, कर्म आणि प्रसंग या तिन्ही अंगांनी तो शिकविल्यास विद्यार्थ्याचे लेखन सुधारेल. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, घरात आलेले इंग्रजी पत्रक वाचून ‘ही माफी आहे की सवलत’, ‘हे औषध बरे करणारे आहे की बरे वाटविणारे’ हे तो आपल्या माणसांना सांगू शकेल.